नाव घेतलं की नुसता पाला

बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिक परीक्षेचा दिवस होता. पुण्याहून आलेले परीक्षक माझ्या खुर्चीत बसून ताक पीत होते, मुलं लंबक हलवून घड्याळाकडे डोळे लावून बसली होती, आणि मी एका मुलीची निरीक्षणं तपासत उभी होते. एवढ्यात ऑफिसातले कारकून दारात आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, शेटेबाई गेल्या. आत्ताच दवाखान्यातून फोन आला." मी म्हटलं, "बरं. परीक्षा आटोपली की येते." आणि परत त्या मुलीच्या वहीत डोकं घातलं. तिची एक बेरीज चुकली होती, ती मी लाल पेन्सिलीनं खुणावली. पुढच्या मुलाकडे गेले. त्याच्या मोजपट्टीवरच्या रेघा मला एकमेकींत मिसळलेल्या दिसायला लागल्या. कारकुनांनी काय सांगितलं ते तेव्हा माझ्यापर्यंत पोचलं. परीक्षकांनी उठून मला खुर्चीत बसवलं. कुणीतरी पाण्याचा पेला पुढं केला. यंदाच्या दुष्काळी उन्हाळ्यात नगरात मागितल्याशिवाय पाणी कुणी देत नव्हतं, हेही मला त्या अवस्थेत जाणवलं.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. प्रमिला शेटे, आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी, जीवरसायनात डॉक्टरेट मिळवूनही मुंबईला न राहता नगरला परत आलेली, माझी जिवाभावाची मैत्रीण, काविळीनं गेली असं सगळे म्हणतात. तसं नाही. ती काविळीवरच्या औषधानं गेली. गोदाकाठच्या ज्या औषधात खरंच गुण आहे का, हे शोधण्यात तिनं शेवटची तीन वर्षं घातली, त्याच औषधानं. दुसऱ्या कुणी हे मला लिहून दाखवलं असतं तर मी त्याला म्हटलं असतं, बाबा, पुन्हा एकदा तपासून आण. मी तपासलंय. म्हणून तर झोप उडाली आहे.

प्रमिला देवळाली प्रवरेची. घरचा ऊस, भाऊ शेतीत, ही एकटीच शिकण्याच्या नादी लागलेली. आवाज असा की ती रसायनाच्या वर्गात हसली की शेजारी पदार्थविज्ञानाच्या वर्गात माझी मुलं हसत. साडीला आम्लाची भोकं, केसांत पेन्सिल, आणि चंचुपात्रात भाजलेले शेंगदाणे. हे पात्र खाण्याचं आणि हे विषाचं, असा भेद तिला स्वतःला ठाऊक असायचा, आम्हाला नाही, त्यामुळं तिचे शेंगदाणे सुरक्षित राहत. मी तिला 'शेटेबाई' म्हटलं की ती मुद्दाम 'काय हो, कुंदाबाई' म्हणायची, एरवी मी 'कुंदे' आणि ती 'पमा'. विषयावरून आमची जुंपायची ती कायमची. माझ्या विषयात शिशाचा गोळा शिशासारखाच पडतो, त्याला रुसवाफुगवा नसतो. तिच्या विषयात प्रत्येक थेंब आपल्या मर्जीचा. "तुझं बरंय," ती म्हणायची, "तुझी गोष्ट जिवंत नसते."

लहानपणी तिला कावीळ झाली होती. घरच्यांनी तिला बैलगाडीत घालून पुणतांब्याच्या पुढं, गोदाकाठच्या एका वस्तीवर नेलं. तिथं रंभाजीबापू नावाचे शेतकरी दर रविवारी काविळीचं औषध देत. वाटलेल्या पाल्याची गोळी, ताकाबरोबर, उपाशीपोटी. पैसा घ्यायचा नाही, नारळसुद्धा नाही. पोरगी बरी झाली. मोठेपणी ती पोरगी जीवरसायन शिकली, आणि पुस्तकात वाचलं की साधी कावीळ पुष्कळदा आपोआपच उतरते. म्हणजे तिला बरं केलं ते बापूंनी, की ती आपली आपणच बरी झाली? दुसरी कुणी असती तर एक तर बापूंना देव म्हणाली असती, नाही तर भोंदू म्हणून मोकळी झाली असती. प्रमिलाला दोन्ही जमेना. तिला खरं काय ते हवं होतं. औषध घेतलेले आणि नुसती विश्रांती घेतलेले, दोघांचं रक्त तपासायचं, कुणाची कावीळ लवकर उतरते ते बघायचं, आणि त्या पाल्यातला नेमका कोणता पदार्थ काम करतो तो वेगळा काढायचा, असा तिचा बेत होता.

पहिल्यांदा ती बापूंकडे गेली तेव्हा मलाही ओढून घेऊन गेली. नगरहून मनमाडच्या गाडीनं पुणतांबा, तिथून पायी. बापू बाजेवर बसले होते. मोतीबिंदूनं डोळ्यांना दिसेनासं झालं होतं. तिनं आपली ओळख दिली, लहानपणची गोष्ट सांगितली, आणि पाला तपासायला हवा म्हणाली. बापूंनी तिचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपून पाहिला.

"तू देवळालीची पोर व्हय? लई रडत हुतीस गं तू."

मग पाला द्यायला त्यांनी एका शब्दावर होकार दिला. अट एकच. "झाडाचं नाव तेवढं इचारायचं न्हाई, आनी हुडकायचंबी न्हाई. नाव घेतलं की त्यो नुसता पाला. औषद ऱ्हात न्हाई."

त्या घरची रीतच तशी होती. शनिवारी संध्याकाळी झाडापाशी जाऊन हळदकुंकू आणि अक्षता वाहायच्या, उद्या येतो म्हणून निमंत्रण द्यायचं. रविवारी दिवस उगवायच्या आत मुक्यानं जायचं, मुक्यानं खुडायचं, मुक्यानं परत यायचं. औषध देणाऱ्यानं ते स्वतः चाखायचंसुद्धा नाही. बापूंना त्यांच्या वडलांनी झाड दाखवलं तेही हात धरून, पाल्यावर बोटं टेकवून, एक अक्षर न बोलता. बापूंना दिसेनासं झाल्यावर त्यांनी आपल्या सुनेला तसंच दाखवलं, आणि तेव्हापासून पाला आणायचं, वाटायचं काम तिच्याकडे आलं. गोळी मात्र बापूंच्याच हातून.

मला हे ऐकून हसू आवरेना. परतीच्या गाडीत मी तिला फैलावर घेतलं. शास्त्रात असली वचनं चालतात का, वाटलेला पाला बघून तुला काय कळणार, आणि उद्या म्हातारा गेला तर? प्रमिला खिडकीबाहेर बघत ऐकत राहिली. मग म्हणाली, "तू गुरुत्वाकर्षणाला विचारत नाहीस, कारण ते कुणाचंच नाही. हे बापूंचं आहे. तीन पिढ्या फुकट वाटलंय त्यांनी. मी पाठीमागून जाऊन झाड शोधलं तर ती चोरी होईल, कुंदे. त्यांनी सांगावं म्हणून मी थांबणार." मी म्हटलं, थांब, सरकारी नोकरी आहे, पेन्शनपर्यंत थांब. त्यावर ती अशी हसली की समोरच्या बाकावरचं तान्हं पोर दचकून उठलं.

आणि ती खरंच थांबली. आमचे वनस्पतिशास्त्राचे कुलकर्णी सर एकदा चहाच्या वेळी म्हणाले, "शेटेबाई, काविळीचा पाला ना? सांगू का कुठला असेल?" तर तिनं कप खाली ठेवून दोन्ही कान झाकून घेतले आणि "नका, नका, मी शब्द दिलाय" म्हणत खोलीबाहेर पळाली. आम्ही सगळे पोट धरधरून हसलो. मीही हसले. ती दर महिन्याला पुणतांब्याला जायची, रुग्णांच्या दंडातून रक्त काढायची, गोळ्यांचे नमुने आणायची. त्या नमुन्यांचा अर्क काढून त्याचा थेंब गाळणकागदाच्या पट्टीवर ठेवायचा आणि पट्टी द्रवात उभी करायची. द्रव कागदातून वर चढतो, आणि जाता जाता त्या एका थेंबाचे वेगवेगळे ठिपके पाडून जातो. हे तिनं मलाही शिकवलं होतं, कारण सुट्टीत तिला कुणीतरी हाताखाली लागायचं. दर वेळी तेच ठिपके त्याच जागी उमटत. सुनेच्या हाताला शिस्त आहे, असं प्रमिला कौतुकानं म्हणायची.

मध्यंतरी मी एका शिबिरासाठी मुंबईला गेले आणि तिथं कॉम्प्युटर पाहून आले. थंडगार खोली भरून बसलेलं ते यंत्र, भोकं पाडलेली कार्डं गिळतं आणि हिशेब करून देतं. तिथले एक जण म्हणत होते, पुढंमागं हे विचारही करेल. प्रमिलानं हे ऐकलं मात्र, तिला सगळ्या रुग्णांची कार्डं करून त्याला खिलवायची स्वप्नं पडायला लागली. पुढच्या खेपेला तिनं बापूंनाही ते यंत्र समजावलं. बापूंनी शांतपणे ऐकून विचारलं, "त्याला समदं सांगावं लागतं, का न सांगता वळखतंय?" ती म्हणाली, सांगावंच लागतं. बापू म्हणाले, "मंग त्ये बी आपल्यासारखंच की." त्यांचं असं काही ऐकलं की तिला वाटायचं, आता बापू सांगणार. एकदा ते म्हणालेही, "डोळं मिटायच्या आधी सुनंला आनी तुला दोघींना एकदमच सांगीन. तू माजी लेकच हायेस." त्या दिवशी ती गाडीत अक्षरशः गुणगुणत होती.

मग हा दुष्काळ आला. माणसं खडी फोडायला दुष्काळी कामांवर गेली, मिळेल ते पाणी प्यायली, आणि कावीळ बोकाळली. बापूंच्या अंगणात रविवारी उभं राहायला जागा उरेना. नाशिककडची, औरंगाबादकडची माणसं रात्रीच येऊन पडू लागली. प्रमिला तिथं जाऊन लोकांना पाणी उकळून प्या म्हणून घसा फोडून सांगायची. जळणालाच लाकूड नाही, तर उकळायचं कशावर, असं एक बाई तिला म्हणाली, ते तिला फार लागलं होतं. आणि तिथलंच पाणी पिऊन होळीच्या सुमाराला तिलाच कावीळ झाली.

ती शुद्धीत असताना मी तिला शेवटची भेटले ती तिच्या घरी. डोळे हळदीसारखे, पण तोंड नेहमीसारखंच चालू. आपल्याच रक्ताची तपासणी तिनं कॉलेजच्या कलरीमीटरवर करवून घेतली होती. "बघ, उतरतंय. आपोआप उतरतंय." पुढच्या आठवड्यात ती कामावर येणार होती. मग जरा ओशाळून म्हणाली, "काल बापूंनी औषध धाडलं. सून स्वतः गाडीनं घेऊन आली, उन्हातान्हाची. घेतलं मी. पुढच्या दिवसांसाठीही गोळ्या देऊन गेलीय."

"उतरतच होतं, तर घेतलंस कशाला? एका माणसाचा प्रयोग हा प्रयोग नव्हे, असं तूच सांगतेस ना?"

"प्रयोग कुठला गं... म्हाताऱ्यानं लेकीसाठी पाठवलेलं परत कसं करायचं?"

उरलेल्या गोळ्यांतली एक तिनं पळसाच्या पानात गुंडाळून माझ्याकडे दिली. "माझ्या कपाटात ठेव. बरी झाले की पट्टी चढवते. दुष्काळातल्या पाल्यात काय फरक पडतो ते बघू." मी ती नेऊन तिच्या कपाटात ठेवली. चार-सहा दिवसांत तिचं पोट फुगलं, नाकातून रक्त यायला लागलं, आईलाही ती ओळखेना. तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, यकृतच निकामी झालंय, कावीळ कधीकधी अशी उलटते. मी परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तिच्या उशाशी बसले होते. ती काहीतरी पुटपुटत होती, त्यातला एकही शब्द मला लागला नाही.

दिवसकार्य झाल्यावर तिचं कपाट आवरायचं काम माझ्याकडे आलं. पळसाचं पान सुकून गेलं होतं. का कोण जाणे, मला वाटलं, तिनं सांगितलेलं एवढं तरी करावं. तिनं शिकवलं होतं तसा अर्क काढला, थेंब ठेवला, पट्टी उभी केली. दुसऱ्या दिवशी तिच्या जुन्या पट्ट्यांशेजारी ती पट्टी धरली. नेहमीचे ठिपके त्यात नव्हतेच. एकही नव्हता. भलत्याच जागी भलतेच ठिपके... मला वाटलं, मी पदार्थविज्ञानाची बाई, माझाच हात चुकला असणार. पुन्हा केली. पुन्हा तेच. तो पाला वेगळाच होता. आणि दिवस शुक्रवार होता. परवा रविवार, म्हणजे बापू पुन्हा अंगणभर माणसांना तेच देणार होते.

शनिवारच्या गाडीत मी काय बोलायचं याची उजळणी करत गेले, आणि वस्तीवर पोचेपर्यंत सगळी विसरले. ऐंशीच्या घरातला माणूस, आयुष्यात कुणाकडून सुपारीचं खांडही न घेतलेला. त्याला कसं सांगायचं, की तुमच्या हातची गोळी खाऊन तुमची लेक गेली? न सांगता परत फिरावं असं मला दाराशी शंभरदा वाटलं. पण सून पितळेच्या ताटलीत हळदकुंकू आणि अक्षता घेऊन निघालीच होती, झाडाला निमंत्रण द्यायला. तिला पाहिलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बापू, पाला बदललाय का?"

"पाला कसा बदलंल?" बापू म्हणाले. "तीन पिढ्यांचा पाला त्यो."

मी पट्ट्यांची गोष्ट सांगितली. ठिपके त्यांना दिसणार नव्हते, म्हणून त्यांचं बोट धरून जुन्या पट्टीवर ठेवलं, मग नव्या. बोटाला काय कळणार होतं, पण मला दुसरं काही सुचेना. मग सुनेनं ताटली खाली ठेवली.

"मामंजी, पाटाकडंचा पाला होळीलाच संपला. पाट आटला ना. मी नदीत गेल्ते. समदं पात्र वाळून गेल्तं, त्योच तेवढा हिरवा हुता. तसाच बारीक पाला, तशीच काडी."

"गुरं खायची तो?" मी विचारलं.

"न्हाई. गुरं तोंड लावत न्हाईत त्याला, म्हनून तर उरला. मला वाटलं, औषदच हाय, गुरं कशाला खातील?"

"मला इचारायचं हुतंस गं पोरी," बापू म्हणाले.

"इचारलं की गुन जातो. तुमीच सांगितलं हुतं."

तिच्या आवाजात उलटून बोलणं नव्हतं. जसं शिकवलं तसं तिनं केलं होतं, आणि एवढंच ती सांगत होती. तिला रडूही फुटेना, नुसती उभी राहिली. बापूंनी डहाळी आणायला सांगितली. ती धावत जाऊन घेऊन आली. बापूंनी ती हातात घेतली, एकेक पान चाचपलं, पान उलटं करून त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. "मागं मनी न्हाईत," ते म्हणाले. "ह्यो त्यो न्हाई." आणि तोंडावर उपरणं ओढून बाजेवर आडवे झाले. मी तिथंच ओसरीवर बसून राहिले. आजवर मी रागानं बोलत आले, या रीतीला, प्रमिलाच्या त्या वचनाला. त्या संध्याकाळी राग कुणावर काढावा तेच कळेना, सगळी माणसं इतकी भली होती.

सकाळी अंगण माणसांनी भरलं. कुणी बैलगाडीतून आणलेले, कुणी सायकलच्या कॅरिअरवर बसून आलेले, पिवळ्या डोळ्यांची लेकरं आयांच्या खांद्यावर. बापू सुनेच्या खांद्याला धरून उभे राहिले. आज औषध नाही, असं ते म्हणाले तेव्हा गलका झाला. एक जण हात जोडून म्हणाला, "बापू, लांबून आलोय, न्हाई म्हनू नगा." बापूंनी हात वर केला.

"पाल्याचं नाव भुईआवळी!" ते ओरडून म्हणाले. "ऐकलं का? भुईआवळी. बारीक पाला, पानामागं मन्यांची वळ. त्यो आता हितं न्हाई. म्या तुमाला भलताच पाला दिला, आनी माजी लेक गेली त्यानं. ज्यांनी ज्यांनी होळीनंतर घेतला त्यांनी आजच्या आज दवाखान्यात जा. आता नाव घेतलंय, माज्या हातात गुन ऱ्हायला न्हाई. पुन्हा माज्या दारात येऊ नगा."

एका म्हातारीनं नाव ऐकताच कानांवर हात ठेवले. पुष्कळांना काही उमगलंच नाही, ते तसेच ओंजळी पुढं करून उभे राहिले. त्यांना परत पाठवता पाठवता दुपार झाली. होळीनंतर किती जणांनी ती गोळी घेतली, त्यांचं काय झालं, हे कुणालाच सांगता येणार नाही. यंदा माणसं कशानं जाताहेत हे विचारायची सवयच मोडली आहे. मी निघताना बापू म्हणाले, "बाई, ह्ये पेपरात लिवा. माज्या नावानिशी लिवा. सुनंचं नाव तेवढं घालू नगा." म्हणून लिहिते आहे, आणि म्हणून तिचं नाव या लेखात नाही.

नदीतली ती डहाळी मी कुलकर्णी सरांपुढं ठेवली. गुरांचं यकृत नासवणारी वनस्पती आहे, म्हणाले. तिचं नाव मी इथं देत नाही, उद्या कुणीतरी ती औषध म्हणून शोधायला निघेल. मग मी बापूंनी उच्चारलेलं नाव सांगितलं. "मी तेच सांगणार होतो," सर म्हणाले. "बाई, हे आजीबाईच्या बटव्यातलं नाव आहे. कुणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं." तीन पिढ्यांनी जे जिभेवर येऊ दिलं नाही, ज्यासाठी माझी मैत्रीण कान झाकून पळाली, ते गुपित नव्हतंच. अजूनही रस्त्यानं चालता चालता ते आठवतं आणि मी मध्येच उभी राहते.

मी सरांना विचारलं, ही भुईआवळी दिसते तरी कशी? त्यांनी मला सरळ प्रयोगशाळेच्या मागं नेलं. प्रमिलाच्या खिडकीखाली, तिच्या मोरीचं पाणी जिथं भिंतीतून बाहेर पडतं, तिथं वीतभर जागा ओली होती. सगळं आवार करपून गेलेलं, आणि त्या ओलीत बोटभर उंचीची झुडपं दाटीनं उभी होती. मी खाली बसून एक पान उलटं केलं. मागं हिरव्या मण्यांची ओळ होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मी आयुष्यभर मुलांना चिडवायला वापरली. पुन्हा वापरवणार नाही. प्रमिलाला ते झाड ओळखू येत नव्हतं, याची मला खात्री आहे. आलं असतं तर ती पहिली मला सांगायला धावत आली असती, आणि मग शब्द मोडला म्हणून दिवसभर कुढत बसली असती. तीन वर्षं ती पुणतांब्याच्या गाडीनं ज्याच्यासाठी जात राहिली, त्याला तीच रोज पाणी घालत होती.

तिची खोली आता बंद असते. किल्ली माझ्याकडे आहे. पदार्थविज्ञानाच्या बाईला काचेची भांडी धुवायला लागत नाहीत. दुपारी चहा झाला की मी माझी कपबशी घेऊन तिच्या खोलीत जाते, आणि तिच्या मोरीत धुते.